डाव्या चाकाचा बारीक आवाज

मला त्या गाडीचा पहिल्या दिवसापासून राग होता. आधी तर तिचा रंग. पिवळाधमक, परभणीच्या धुळीत डोळ्यांना टोचणारा. सकाळी अकराच्या सुमारास ती माझ्या गॅरेजसमोर येऊन थांबली आणि पाच मिनिटांत पंक्चरवाल्यापासून झेरॉक्सवाल्यापर्यंत सगळी गल्ली हातातली कामं टाकून तिच्याभोवती गोळा झाली. दोन माणसांची जागा, माझ्या कमरेएवढी उंची. एका रिक्षावाल्यानं वाकून खालून पाहिलं आणि म्हणाला, "गाडी हाय का घोरपड? रस्ता चाटत जायलीय की!" लोक हसले. मीही हसलो, पण मनात म्हटलं, हे लचांड आपल्या गळ्यात पडणार.

पडलंच. गाडीतून उतरला तो माझ्या मित्राचा मुलगा. मित्र राणीसावरगावचा, कपाळाला भस्माचे पट्टे ओढल्याशिवाय दाराबाहेर पाऊल न टाकणारा, मोठा जमीनवाला. त्याच्या जीपचं सगळं काम मीच केलं, ती भंगारात जाईपर्यंत. मुलानं मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, बियाण्यांचं दुकान टाकलं, ते चाललं, आणि पस्तिशीच्या आत त्यानं हैदराबादहून कुणाची तरी वापरलेली ही परदेशी स्पोर्ट्स कार उचलून आणली. परभणीत तिला पळवायला रस्ता कुठला? म्हणून सुट्टीच्या दिवशी बायकोला शेजारी बसवून तो नांदेडच्या बाजूला जायचा आणि मोकळ्या रस्त्यावर ती सोडायचा. किती वेगानं, ते त्यानं मला एकदाच सांगितलं. मी परत विचारलं नाही.

"काका, डाव्या अंगानं कायतरी बारीक वाजायलंय," तो म्हणाला. "कंपनीच्या वर्कशॉपला नेली होती. त्यांनी कॉम्प्युटर लावला, म्हन्ले सगळं ठीक हाय, असल्या गाड्यांचे सांधे कडक असत्यात, एवढा आवाज चालतो. मला काय पटंना. बाबा म्हन्ले, काकांच्या कानावर घाल."

काकांच्या कानावर घाल. माझा कान या शहरात प्रसिद्ध होता, हे मी स्वतःच्या तोंडानं सांगतो, कारण आता ते सांगण्यात बढाई राहिलेली नाही. हॉटेलात चहा पिताना रस्त्यानं जाणाऱ्या जीपला हाक मारून मी थांबवली होती आणि ड्रायव्हरला सांगितलं होतं, मागच्या उजव्या चाकाचं बेअरिंग गेलंय, गंगाखेडपर्यंत पोहोचणार नाहीस. लोक गाडी आणायचे, मी बाजूच्या सीटवर बसायचो, काचा वर, पंखा बंद, बोलणं बंद. माझी तीन ठिकाणं ठरलेली होती: रेल्वेचं फाटक, त्याच्या पुढची खचलेली मोरी आणि कृषी विद्यापीठाच्या अलीकडचे गतिरोधक. फाटकावर सांध्यांतले रबरी बुश बोलतात, मोरीवर धक्के झेलणारा शॉकप बोलतो, गतिरोधकावर बाकीचं सगळं. परत येईपर्यंत माझा निकाल तयार असायचा. चाळीस वर्षं मी असाच जगलो.

पण त्याआधीच्या दोन वर्षांत माझ्या कानांचं काहीतरी बिनसलं होतं. मला ते कळलं गाडीच्या इंडिकेटरवरून. एका दिवशी ध्यानात आलं की वळताना तो टिकटिक वाजतो हेच आपण विसरलोय. मी दिवा बघून वळत होतो. जाड आवाज सगळे यायचे: ट्रॅक्टर, हातोडा, माणसांचं बोलणं. बारीक आवाज तेवढे गेले होते, चाळणीतून पडून जावेत तसे. ग्राइंडर, ठोकाठोकी आणि फाटलेले सायलेन्सर यांनी आपला हिशोब पुरा केला होता. मी कुणाला बोललो नाही. बायकोलाही नाही. स्वयंपाक्यानं आपली जीभ गेल्याचं सांगितलं तर त्याच्या पंगतीला कोण बसेल? झाकली मूठ सव्वा लाखाची, असं म्हणून मी ती मूठ आवळून धरली.

तर त्या पिवळ्या गाडीत मी बसलो. बसलो म्हणजे गुडघे छातीशी घेऊन त्या खोबणीत पडलो. फाटक आलं. रूळ असे हाडांत घुसले की जणू मीच चाकाला बांधलेला होतो. पोरगं म्हणालं, "आला बगा काका. आता. परत आला." मी डोळे मिटून बसलो. इंजिन ऐकू येत होतं, टायर ऐकू येत होते. बाकी काही नाही. मोरीवर गाडी जरा धबकली, गतिरोधक झाले. दर वेळी त्यानं माझ्याकडे पाहिलं.

"हं," मी म्हणालो. "आलं ध्यानात."

माझ्या सगळ्या कामात हे एक वाक्य मला आज सगळ्यात जास्त छळतं. ते बोलून मी स्वतःचं तोंड शिवून घेतलं. ध्यानात आलंय म्हटल्यावर आता विचारायचं कसं, की बाबा रे, नेमका कसा वाजतो? सरळ जाताना की वळताना? ब्रेक मारल्यावर की सोडल्यावर? साधी विचारपूस, जी नवशिका मेकॅनिकही करतो, ती मला बंद झाली.

मग त्या गाडीशी माझी कुस्ती सुरू झाली. ती माझ्या गॅरेजातल्या, खाली उतरून काम करायच्या खड्ड्यावर चढेना, पुढचा ओठ जमिनीला घासायचा. मी लाकडी फळ्या आणून चढ बनवला. जॅक कुठं लावायचा ते कळेना, खाली सगळीकडे प्लास्टिकचे पडदे. ते काढायला चांदणीच्या आकाराच्या खाचेचे बोल्ट, आणि त्याचा पाना परभणीत एकाही दुकानात नाही. पाना मागवण्यात आठवडा गेला. तोवर पिवळी महाराणी माझ्या दारात ताडपत्री पांघरून बसलेली आणि येणारा जाणारा सल्ला देऊन जायचा. एक म्हणाला ग्रीस मारा. एक म्हणाला, लिंबू बांधा. एका शहाण्यानं तर विचारलं, "उस्ताद, जमंल ना तुमाला?" त्याला मी हातातला स्पॅनर दाखवून पिटाळलं.

चाक वर करून मी वर-खाली धरून हलवलं. हाताला ढिलाई लागली नाही. लांब स्क्रू-ड्रायव्हर एकेका सांध्यावर टेकवून त्याची मूठ कानाला लावली आणि दुसऱ्या हातानं चाक ढकललं. एके काळी ह्या मुठीतून मला धातूच्या पोटातलं ऐकू यायचं. आता लाकूड कानाला टोचत होतं तेवढंच. शेवटी, गाडीला डुलू न देणाऱ्या लिंक रॉडच्या रबराला एक चीर दिसली. दिसली, म्हणजे डोळ्यांना. मोरीवरून जाताना गाडी जरा धबकतेय असं मला वाटलं होतं, तो जाड आवाज मला येत होता. म्हटलं, सापडला चोर. पुण्याहून नव्या लिंक रॉड मागवल्या, बसवल्या, आणि परत तीन ठिकाणी फेरी मारली. धबकणं थांबलं होतं. मला इतका आनंद झाला की गाडीचा रंगसुद्धा बरा वाटला.

"गेला का?" मी विचारलं.

"गेला, काका," तो म्हणाला.

इथं एक गोष्ट सांगायला हवी. माझ्या गॅरेजात, आणि माझ्याच काय, आमच्याकडच्या कुठल्याही जुन्या उस्तादाच्या गॅरेजात, काम झाल्यावर चहा येतो आणि उस्ताद विचारतो, गेला का? गिऱ्हाईक म्हणतं, गेला. हे विचारणं म्हणजे घरी आलेल्याला जेवलात का म्हणण्यासारखं आहे. उपाशी माणूसही जेवलो म्हणतो. समोरचा वयानं मोठा आहे, दोन तास जमिनीवर लोळलाय, त्याचे हात काळे झालेत, त्याला तोंडावर कसं सांगायचं की तुमचं काम फसलं? त्याला आमच्याकडे लिहाज म्हणतात. मी त्या लिहाजात वाढलो, पण त्या दिवशी मला तो आठवला नाही. मला फक्त "गेला" ऐकू आलं, कारण तो जाड शब्द होता.

पंधरा दिवसांनी पिवळी घोरपड परत दारात. "काका, पहिला आवाज गेलाच. हा दुसरा कायतरी असंल."

दुसरा. मी चाक आणि सांगाडा जोडणाऱ्या आर्मचे बुश बदलले. हे करताना एक बोल्ट असा गंजून बसला होता की तो काढण्यात माझा अख्खा दिवस आणि उजवा खांदा गेला. गेला का? गेला, काका. मग दहा-बारा दिवसांनी मोबाईलवर त्यानं रेकॉर्डिंग पाठवलं, "हा तिसरा हाय बगा." मी मोबाईल कानाला चिकटवून ते सतरा वेळा लावलं. मला त्यात वारा ऐकू आला आणि त्याच्या बायकोचं हसणं. "मोबाईलवर काय कळतंय, गाडी आण," मी सांगितलं. गाडी आली. मी शॉकपचं वरचं माउंटिंग बदललं. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, असा तो सगळा कारभार चालला होता, आणि मला तो ठाऊक नव्हता असं म्हणणं खोटं होईल. रात्री अंथरुणावर पाठ टेकली की कळायचं. सकाळी परत पाना हातात घ्यायचो.

चौथ्या वेळी माझं डोकं फिरलं. त्यानं गाडी उभी केली, काच खाली केली, आणि "काका, रागावू नका, पण" एवढंच म्हणाला.

"गाडीला काही झालेलं नाही," मी ओरडलो. सगळी गल्ली ऐकत होती. "आवाज तुझ्या डोक्यात बसलाय. एवढी गाडी घेतलीस, तिच्यात बसायची छाती नाही, म्हणून रोज नवा आवाज काढतोस. आम्ही जीपा दुरुस्त केल्या, तुझ्या बापानं कधी अशी किरकिर केली नाही!"

त्याचं तोंड उतरलं. मोंढ्यात पाच-पंचवीस माणसांना कामाला लावणारा माणूस, माझ्यासमोर मान खाली घालून उभा. "असंल काका," तो म्हणाला. "माझंच डोकं." मला जरा लाज वाटली, म्हणून मी खाली शिरून सगळे बोल्ट परत आवळले, काहीतरी केल्यासारखं केलं, फेरी मारली. फेरीवरून येताना मी नेहमीचं विचारलं. त्यानं नेहमीचं उत्तर दिलं, आणि वर म्हणाला, "आता एकदम झकास." चहा न पिता निघाला.

माझं घर गॅरेजच्या मागेच आहे. बायको चहाची किटली घेऊन दारात उभी होती. गाडी गल्लीच्या तोंडाशी वळली, गतिरोधकावरून गेली, दिसेनाशी झाली.

"गेला म्हन्ला व्हय त्यो आवाज?" तिनं विचारलं.

"गेला."

"मंग ते टिकटिक काय वाजायलं होतं?"

मी तिच्याकडे पाहिलं. म्हटलं, तुला काय कळतंय गाड्यांतलं. ती म्हणाली, मला गाड्यांतलं कळत नाही, पण कान आहेत. वळताना दोनदा टिक झालं आणि गतिरोधकावर एकदा. आणि हे आजचंच नाही, दर वेळी ती गाडी जाताना असंच वाजते.

"आधी का बोलली नाहीस?" मी खेकसलो.

"तुमी ऐकून घ्याल म्हणून?" ती म्हणाली. मग किटली खाली ठेवली. "अहो, तुमाला ऐकू येत न्हाई. बारीक कायबी येत न्हाई. मला लय दिवसांपासून ठावं हाय. तुमचा फोन तुमच्याच खिशात वाजत ऱ्हातो आन तुमी बसून ऱ्हाता."

मी तिला काय काय बोललो ते लिहायची माझी तयारी नाही. पंचेचाळीस वर्षांच्या संसारात असलं बोललो नव्हतो. ती आत निघून गेली, आणि मी त्या खड्ड्याच्या काठावर बसलो. राग उतरायला लागला तसं तिचं एक वाक्य डोक्यात राहिलं. वळताना दोनदा.

वळताना. चार वेळा गाडी खोलली आणि ही गोष्ट मला माहीत नव्हती, कारण मी विचारलीच नव्हती. वळताना लिंक रॉड असा टिकटिकत नाही. माउंटिंगही नाही. वळताना आणि छोट्या उंचवट्यावर, एका बाजूनं, बारीक आणि कोरडा आवाज, म्हणजे खालचा बॉल जॉइंट. चाकाला आर्मशी धरून ठेवणारा सांधा. तो हातानं चाक हलवून सापडत नाही, चाकाच्या वजनानं तो दबून बसतो. खालून पहार घालून उचलावा लागतो. मी पहार लावली नव्हती. आणि तो सांधा सुटला तर आवाज येत नाही, चाक येतं. चाक आत मोडून पडतं आणि गाडीचं तोंड जिकडे असेल तिकडे गाडी जाते. जीपच्या वेगात माणूस शिव्या देत खाली उतरतो. ह्या गाडीच्या वेगात खाली उतरायला कुणी उरत नाही.

मी फोन लावला. उचलला नाही. परत लावला. मग स्कूटर काढली आणि मोंढ्यात त्याच्या दुकानावर गेलो. दुकानातल्या माणसानं सांगितलं, शेठ आले आणि लगेच गेले, वहिनींना घेऊन नांदेडला जायचंय म्हणत होते, वाटेत चुडाव्याला साडूंकडे थांबतील. मित्राला फोन करावा वाटलं. पण त्याला सांगायचं काय? की तुझ्या पोराच्या गाडीचं चाक ढिलं आहे आणि ते मला दीड महिना कळलं नाही? मी नांदेडकडं जाणाऱ्या बसमत रोडला लागलो. माझ्या स्कूटरवर मी त्या गाडीला गाठणार होतो, ही अक्कल. पण घरी बसणं शक्य नव्हतं. रस्त्यावर समोर गर्दी दिसली की मी तिच्यात पिवळा रंग शोधायचो. एकदा तर एक उलटलेली हातगाडी पाहून मी स्कूटर थांबवली.

शहर संपता संपता उजव्या हाताला एक मोठं गॅरेज आहे, पत्र्याचं उंच छप्पर, आत गाडी उचलायची मशीन. ते माझ्या शिष्याचं. अकरा वर्षं माझ्याकडे शिकला, मग स्वतःचं टाकलं. आता चाळिशीच्या पुढचा आहे, पोट सुटलंय. छपराखाली, हवेत, माणसाच्या डोक्याएवढ्या उंचीवर मला पिवळा रंग दिसला. त्या दिवशी मला त्या रंगाचा राग आला नाही. मी स्कूटर स्टँडवर न लावताच सोडली, ती आडवी पडली.

डावं चाक काढलेलं होतं. शिष्य त्याखाली उभा, हातात पहार. मित्राचा मुलगा आणि त्याची बायको भिंतीशी प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसलेली. मला पाहून तिघंही असे दचकले की जणू चोरी पकडली गेली. शिष्यानं हात पुसायचा विसरून माझ्या पायाला हात लावला, पायजम्यावर ग्रीसचा डाग पडला.

"बॉल जॉइंट," मी म्हणालो.

"व्हय उस्ताद," तो म्हणाला. "तुमाला कसं—" आणि थांबला.

"तू इथं कसा?" मी मुलाला विचारलं. त्याची बायको बोलली. ती नांदेडची, तिला आमचा लिहाज फारसा लागलेला नाही. "मीच म्हणाले काका. आवाज गेला असं हे मला सांगत होते, आणि मला रोज ऐकू येत होता. आज म्हटलं, हा आवाज असताना मी ह्या गाडीत बसणार नाही."

"मग तू मला गेला, गेला का म्हणत होतास?"

"बाबांनी सांगितलं होतं," तो जमिनीकडे बघत म्हणाला. "काकांचं मन मोडू नको म्हन्ले. त्यांचं वय झालंय. आवाज ऱ्हायला तर गपचूप दुसरीकडं दाखव, पण त्यांना कळू देऊ नको."

"आणि नाही दाखवलंस?"

"तुमी मनावर घेतलं होतं ना काका. म्हन्लं, करत्याल. तुमाला टाकून कसं यावं?"

माझ्या भीतीपोटी मी खोटं बोललो होतो, आणि माझ्या मानापोटी तो. दोन्ही खोट्यांच्या मधे एक सुटायला आलेलं चाक, त्यावर ही पोरगी दर रविवारी बसत होती. मला भयंकर संताप आला. कुणाचा, ते सांगता येत नाही. आपलेच दात, आपलेच ओठ. मी शिष्यावर घसरलो. म्हटलं, तुला माहीत होतं गाडी माझ्याकडे आहे, तू तरी फोन करायचा होतास, अकरा वर्षं माझं अन्न खाल्लंस.

त्यानं पहार खाली ठेवली.

"किती फोन करायचे उस्ताद?" तो म्हणाला. "तुमच्याकडनं निघालेली गाडी सरळ इथंच यायलीय. दोन वरसं झाली. लोक म्हनत्यात, उस्तादांनी केलंय, पण जरा एकदा बग. मी बगतो. त्यांना सांगतो, गल्लीत बोलू नका."

दोन वर्षं. एवढ्या दिवसांत माझ्याकडून किती गाड्या गेल्या असतील, मी मनात मोजायला लागलो आणि सोडून दिलं. प्रत्येक गाडीवाल्याला मी विचारलं होतं आणि प्रत्येकानं मला तेच उत्तर दिलं होतं, चहा पिऊन, हात जोडून. म्हणजे सगळ्या परभणीला ठाऊक होतं. मी ज्या मुठीला दोन वर्षं आवळून बसलो होतो, ती सगळ्यांनी उघडी पाहिली होती आणि मला दिसणार नाही अशी मान फिरवली होती. ह्यापेक्षा एखाद्यानं भर चौकात शिवी दिली असती तर मी त्याचे पाय धरले असते.

"दाखव," मी शिष्याला म्हणालो.

त्यानं आर्मखाली पहार घातली आणि उचलली. सांध्याची पिन माझ्या डोळ्यांसमोर वर झाली, खाली झाली. चांगली सूतभर ढिलाई. रबरी टोपी फाटलेली, आत ग्रीसच्या जागी लाल गंज. अजून थोडे दिवस, एखादा नांदेडचा फेरा. पहार वर, पहार खाली. त्यानं ती चार-पाच वेळा हलवली, आणि मग मी पाहिलं की तिघंही सांध्याकडे न बघता माझ्याकडे बघताहेत.

"न्हाई," मी म्हणालो. "मला येत न्हाई ऐकू. बारीक आवाज मला येतच न्हाईत. पहिल्या दिवशी तुझ्या गाडीत बसलो तेव्हाही आला नव्हता. ध्यानात आलं म्हणालो, ते खोटं होतं."

मित्राचा मुलगा पुढे आला. त्याचे डोळे भरले होते.

"मलाबी नीट न्हाई येत काका," तो म्हणाला. "लय बारीक हाय तो."

मी त्याच्या शर्टाची कॉलर धरली. त्याच्या बायकोसमोर, शिष्यासमोर. "अजूनही?" मी म्हणालो. "अजूनही खोटंच? मेला असतास रे तू! माझ्या मानासाठी मेला असतास आणि तुझ्या बापाला मी काय सांगितलं असतं, की पोरगं लय लिहाजाचं होतं?"

तो माझा हात सोडवायला गेला नाही. त्यानं शिष्याला खूण केली. शिष्यानं पहार परत उचलली. पोरगं माझ्या डाव्या कानाशी तोंड घेऊन आलं आणि मोठ्यानं, बहिऱ्या म्हाताऱ्याशी बोलतात तसं, ओरडून म्हणालं, "काका, आवाज येतो! पहिल्या दिवसापासून येतो! एकदाबी गेला न्हाई!"

मी कॉलर सोडली. भिंतीशी जाऊन त्याच्या खुर्चीवर बसलो आणि शिष्याला म्हणालो, आता नवा बॉल जॉइंट मिळेपर्यंत ही गाडी खाली उतरवू नकोस, आणि उद्यापासून माझ्याकडे येणाऱ्यांना आधीच तुझ्याकडे पाठवतो.